सुट्ट्या वगळून

कुंदाताई आवटींचा सूर नमनातच घसरला आणि केतकीनं पेटीवरचे हात थांबवले.

"कुंदाताई, देवाला बोलावतोय आपण. दटावत नाही."

"माझा आवाजच तसला. मांजरसुद्धा एका हाकेत घराबाहेर जातं."

वर्गातल्या बाकीच्या तिघी हसल्या. मिरजेतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात दर गुरुवारी संध्याकाळी कीर्तनवर्ग भरायचा. पतसंस्थेतून निवृत्त झालेल्या कुंदाताई सगळ्यांत थोरल्या आणि सगळ्यांत बेसूर; पण आख्यान सांगायला उभ्या राहिल्या की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा.

केतकी पुन्हा पट्टी धरणार तेवढ्यात पेटीवर ठेवलेला फोन उजळला. तिनं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"श्री. श्रीनिवास म्हैसाळकर यांच्या निरोपासाठी दिवस जुळला आहे. पुढील शुक्रवार, सकाळी. आपला एकही वर्ग किंवा कीर्तन त्यामुळे बुडणार नाही."

"काय झालं?" कुंदाताईंनी विचारलं.

"काही नाही. नमन पुन्हा घ्या," केतकी म्हणाली, आणि वर्ग संपेपर्यंत तिची पेटी एका सुरावरच अडून राहिली.

*

श्रीनिवास म्हैसाळकर म्हणजे अण्णा, केतकीचे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम केलं: लेक कीर्तनाला उभी राहिली की मागं बसून पेटीची साथ. श्रावणात त्यांचं हृदय थकलं, पाठोपाठ मूत्रपिंडं थकली, आणि गावातल्या एका मोठ्या रुग्णालयानं त्यांना 'धारणेत' ठेवलं.

धारणेची युक्ती बेडकाची. उन्हाळ्यात तळं आटलं की बेडूक चिखलात शिरतो, अंगातला सगळा व्यवहार मंद करतो आणि पाऊस येईपर्यंत तसाच पडून राहतो. जिवंत असतो, पण जगण्याचा खर्च जवळजवळ शून्य. माणसाच्या शरीराला ते जमत नव्हतं, कारण अंग गार पडलं की मेंदू घाबरतो आणि हुडहुडी भरवून ऊब परत मागतो. ती मागणीच बंद करणारं औषध सापडलं. मग रक्त बाहेरच्या यंत्रातून फिरवायचं, शरीर गार करायचं, आणि बिघडलेल्या अवयवांना काही कामच शिल्लक ठेवायचं नाही. बरं कुणी होत नसे. पण महिनोन्‌महिने टिकत. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, थोडा वेळ ऊब द्यावी लागे. नाहीतर रक्त साकळतं. तेवढ्या वेळात माणूस अर्धवट जागा होई.

असं टिकवणं शक्य झालं आणि एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. मरण कधी येणार हे आता शरीर ठरवत नव्हतं. मग ठरवायचं कुणी?

"अण्णांनीच ठरवलंय," डॉक्टर बेनाडीकर म्हणाल्या. पन्नाशीच्या बाई, आवाज मऊ. "निरोपपत्र त्यांनी शुद्धीत असताना केलंय. माझ्यासमोर. आत्ता जाऊ द्या, असं त्यांना नको होतं. कुणाची गैरसोय होणार नाही अशा दिवशी जाऊ द्या, असं म्हणाले."

"मला सांगितलं नाही."

"तुम्ही रडला असतात, म्हणाले."

त्यांनी अण्णांच्या अटी वाचून दाखवल्या. सुतक पूर्ण पाळलं जावं. तेराव्यापर्यंतचे सगळे विधी मुलगा आणि मुलगी दोघांनी मिळून करावेत. केतकीनं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे सुतक तिला भावाइतकंच होतं. आणि शेवटी: त्या काळात मुलीचा वर्ग किंवा कीर्तन येता कामा नये. "तिच्या आईच्या वेळी सुतकामुळं तिचं उत्सवातलं पहिलं कीर्तन हुकलं. माझ्यामुळं हुकायचं नाही."

"म्हणून जुळणीचं यंत्र तुमच्या आणि तुमच्या भावाच्या ओळी वाचतं," डॉक्टर म्हणाल्या. "सलग तेरा दिवस मोकळे सापडले की जुळणी लागते."

तिच्या ओळी. रंगीत चौकोनांच्या दिनदर्शिकांना लोक कधीच विटले होते आणि सगळं पुन्हा साध्या अक्षरांवर आलं होतं. बोलतो तसं एक वाक्य लिहायचं, अर्थ यंत्रानं लावायचा. त्याला सगळे नुसतं 'ओळ' म्हणत. केतकीनं जूनमध्ये लिहिलं होतं, "दर गुरुवारी संध्याकाळी कीर्तनवर्ग, सुट्ट्या वगळून." एवढ्याशा वाक्यात सगळं वर्ष मावत असे. यंत्र एकेक गुरुवार वेगळा साठवत नसे. त्याच्यापाशी एक नियम असे आणि त्या नियमाला पडलेली भोकं असत. सुट्ट्या म्हणजे ती भोकं. दातांचा डॉक्टर, सिलिंडरवाला, देवळाची उत्सवसमिती, सगळ्यांच्या ओळी एकमेकींशी परस्पर बोलून वेळ ठरवत, आणि माणसाला फक्त निरोप येई. सोयीचं होतं. कुणाला कधी भीती वाटली नव्हती.

केतकीनं तिथंच, डॉक्टरांच्या टेबलाशी बसून, फोनवर जानेवारी उलगडला. एका गुरुवारी वर्ग. पुढचा गुरुवार सव्वीस जानेवारी, सुट्टी. त्याच्या पुढच्या गुरुवारी वर्ग. पौष महिना, कीर्तनांचं आमंत्रण एकही नाही. दोन वर्गांच्या मधोमध, शुक्रवारपासून बुधवारपर्यंत, नेमके तेरा दिवस रिकामे पडले होते.

म्हणजे ज्या गुरुवारी सुट्टी, त्या गुरुवारी दार उघडं. सात महिन्यांपूर्वी चहा पिता पिता तिनं दोन शब्द लिहिले होते आणि त्या शब्दांनी तिच्या वडिलांसाठी जागा करून ठेवली होती.

"मी हरकत घेते," ती म्हणाली.

"नातेवाइकांच्या हरकतीला जागा ठेवलेली नाही त्यांनी. पूर्वी घराघरांत भांडणं झाली ना यावरून." डॉक्टरांनी चष्मा काढला. "पण सव्वीस तारखेला तुमचा वर्ग असेल, तर जुळणी आपोआप मोडते. ते मी तुम्हाला सांगायला नको होतं."

*

"सव्वीस तारखेला?" कुंदाताईंचा आवाज फोनवरही तसाच खणखणीत. "झेंडावंदन करून येते की. जिलबी आणू?"

"आणा. पण आधी ओळीत टाका. आत्ता टाका."

"टाकते गं बाई. पळून चाललाय का गुरुवार?"

एकट्या माणसाची ओळ यंत्र खरी मानत नसे. लोक खोटी कामं लिहून लग्नं-बारशी टाळत, म्हणून तशी सोय केलेली. दुसऱ्या कुणाच्या ओळीत तेच काम दिसलं की साक्ष मिळाली. केतकी फोन हातात धरून देवासमोर बसून राहिली. समई लावायची राहून गेली. मग आलं: "श्री. म्हैसाळकर यांची जुळणी मोडली आहे. नवीन दिवस शोधत आहोत."

तिनं हात जोडले. मग तिचं लक्ष शेवटच्या वाक्याकडे गेलं. शोधत आहोत. म्हणजे ते यंत्र आत्ता, याच क्षणी, तिचं पुढचं वर्ष बोटानं चाचपत होतं. शिवरात्र, होळी, पाडवा. कुठं फट आहे, कुठं दार किलकिलं आहे, ते बघत होतं. त्याला घाई नव्हती. राग नव्हता. बिचारं अण्णांचीच आज्ञा पाळत होतं.

त्याच बैठकीत तिनं जुनी ओळ खोडली आणि नवी लिहिली: "दर गुरुवारी कीर्तनवर्ग. एकही सुट्टी नाही."

*

त्यानंतर केतकीला सुट्टी या शब्दाचीच धास्ती बसली. देवळात कुणी सहज म्हटलं, "यंदा पाडवा गुरुवारी आलाय बरं का," की ती फोन काढून आपली ओळ पुन्हा तपासून बघे. वर्ग चालू असताना तिची नजर दाराकडे असायची. एखादी बाई खोकली तरी ती विचारायची, "पुढच्या वेळी येणार ना?" पूर्वी ती नामाचा महिमा सांगायला बसली की घड्याळ विसरायची, आता निरूपण करता करता तिचं मन ओळी मोजत बसे.

पाडव्याला वर्ग आहे म्हटल्यावर दोघी गेल्या. "घरात पुरणपोळीचा घाट, सासूबाई काय म्हणतील," एकीनं सांगितलं. दुसरीनं तेही सांगितलं नाही. तिसरी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन माहेरी निघाली.

"एक गुरुवार तरी ये," केतकी तिला म्हणाली.

"ताई, रत्नागिरीहून?"

"मी भाडं देते."

त्या मुलीनं तिच्याकडे असं पाहिलं, की केतकीला स्वतःचीच लाज वाटली. उरल्या कुंदाताई.

पर्थहून हृषीदादाचा फोन आला तेव्हा ती भाजी निवडत होती. तिचा थोरला भाऊ. पडद्यावर नेहमी थकलेला दिसायचा.

"केतू, माझ्या ओळी बघितल्यास?"

"नाही."

"रिकाम्या आहेत. जानेवारीपासून. मी ऑफिसात सांगून ठेवलंय, कधीही निघावं लागेल म्हणून. बॅग भरून दारात आहे. तुझी पुतणी तिला अडखळून रोज पडते."

"मग उचलून ठेव."

"तू काय करते आहेस ते कळतंय मला. मी रागावलो नाहीये. एवढंच सांग, किती दिवस?"

"तुला इथं नाही राहावं लागत. तुला बोलणं सोपं आहे."

"हो," तो म्हणाला. "सोपं आहे. म्हणूनच मी बोलतोय. तुला कुणी बोलणार नाही."

तिनं फोन ठेवला आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडली.

त्या गुरुवारी कुंदाताई एकट्याच आल्या. घामाघूम. चटईवर टेकल्या आणि म्हणाल्या, "आता सांगायचं. उन्हाळ्यात कुठला कीर्तनवर्ग चालतो? माझ्यासारख्या बेसूर बाईला एकटीला शिकवण्यात तुला काय मिळतंय?"

केतकीनं सगळं सांगितलं. तेरा दिवस, भोकं, साक्ष. कुंदाताई ऐकत होत्या, पण त्यांचा हात हळूहळू पदराकडे गेला आणि पदर मुठीत आवळला.

"म्हणजे धुळवडीला मला ताप होता, तरी मी आले," त्या सावकाश म्हणाल्या. "नसते आले, तर?"

केतकीनं पेटीवरचा फोन पालथा घातला.

"माझ्या हो-नाहीवर माणूस टांगलाय, आणि मला जिलबी आणायला सांगतेस."

"सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असतात."

"घाबरलेच आहे." त्या उठल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा बसल्या. बराच वेळ नुसत्या झांजांच्या दोरीशी खेळत राहिल्या. मग म्हणाल्या, "भीतीचं औषध मला एकच ठाऊक. माझे हे गेले तेव्हा मी सोमवारचा नेम धरला होता, म्हणून वेड लागायचं राहिलं. मी दत्ताच्या देवळात जाऊन नेम धरते. पाय चालतात तोवर गुरुवारचा वर्ग चुकवायचा नाही. नेम धरला की रोज उठून विचार करायला नको, जाऊ की नको."

केतकीनं त्यांच्या पायांना हात लावला. त्या संध्याकाळी कुंदाताईंनी आपल्या ओळीत लिहिलं: "दर गुरुवारी केतकीकडे वर्ग. नेम."

*

नेमाच्या आधारानं अर्धा पावसाळा गेला. केतकीला झोप लागू लागली. रविवारी ती रुग्णालयात जायची, पण काचेबाहेरून अण्णांना पाहून परतायची; ऊब देतात तेव्हा आत जाण्याचा धीर तिला होत नसे. एका रविवारी तिथल्या सिस्टरनं, मंगल नाव तिचं, तिला दारातच गाठलं.

"ताई, आज आत या. ते उबेवर आले की काहीतरी विचारतात. आम्हाला नाही कळत काय उत्तर द्यायचं."

खोलीत औषधाचा वास होता. अण्णांचा चेहरा मेणासारखा, ओठ निळसर. यंत्रातून ऊन रक्त येऊ लागलं तशी त्यांच्या हनुवटीला कंप सुटला, मग खांद्यांना. औषध हुडहुडी थांबवतं म्हणत; सगळी थांबत नव्हती. दात एकमेकांवर आपटल्याचा बारीक आवाज येत होता. केतकीनं त्यांचा हात धरला आणि दचकून सोडला. इतका गार हात तिनं फक्त आईचा पाहिला होता.

अण्णांनी डोळे अर्धे उघडले. तिच्याकडे नव्हे, समोर, जिथं कीर्तनकार उभा असतो तिकडे पाहिलं.

"संपलं का गं?" ते म्हणाले.

केतकीच्या तोंडून नकळत जे निघालं ते ती जन्मभर म्हणत आलेली. लांबलेल्या कीर्तनात, मागं वळून, हळूच. "नाही अण्णा. थोडं आहे अजून."

त्यांनी मान हलवली. तक्रार नाही. त्यांची बोटं, नखांपर्यंत निळी पडलेली, पांघरुणावर सरकली आणि पेटीच्या पट्ट्यांवर ठेवावीत तशी मांडली गेली. डावा हात भात्याच्या जागी गेला. साथीदार कधी आधी उठत नाही. कीर्तनकार आरतीला येईपर्यंत त्यानं बसायचं असतं, कंबर मोडो, थंडी वाजो. तसे ते वाट पाहत बसले. थरथरत.

"दर वेळी असंच करतात," मंगलसिस्टर म्हणाली. "विचारतात, संपलं का. आम्ही म्हणतो, झोपा. मग ते बोटं ठेवून बसतात. गार करायला लागलो तरी बोटं उचलत नाहीत. आम्हीच सरळ करून देतो."

"त्यांना कळतं? किती वेळ झालाय ते?"

"ते डॉक्टरांना विचारा. मला एवढंच दिसतं, की थकलेत."

केतकी बाहेर आली आणि जिन्यावर बसली. तिला वाटलं होतं की ती मरणाला दाराबाहेर ठेवते आहे. तिनं काय केलं होतं? श्रावणापासून श्रावणापर्यंत एका म्हाताऱ्या माणसाला गार जमिनीवर बसवून एक कीर्तन लांबवलं होतं, ज्यात ना पूर्वरंग होता ना आख्यान. आणि तो बिचारा सूर धरून बसला होता, कारण मुलगी अजून उभी आहे असं त्याला वाटत होतं. आणि ती वर्गात काय शिकवायची? आरती लांबवू नये. तबकातलं तेल संपतं, लोकांचे हात दुखतात, देवही अवघडतो.

जिन्यावरच बसून तिनं फोन काढला आणि लिहिलं, "या आठवड्यानंतरच्या गुरुवारी वर्गाला सुट्टी."

ओळीनं क्षणभर विचार केला.

"ही सुट्टी देता येत नाही. हा वर्ग दुसऱ्या व्यक्तीचा नेम आहे."

तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. यंत्रांनी लोकांचे उपास, रोजे आणि व्रतं सोयीसाठी इकडेतिकडे हलवायला सुरुवात केली होती, तेव्हा मोठा गहजब झाला होता; तेव्हापासून नेम म्हणून लिहिलेल्या गोष्टीला यंत्र हात लावत नसे. तो फक्त ज्यानं धरला त्यानंच सोडायचा.

दार तिनं बंद केलं होतं. किल्ली मात्र दुसरीच्या हातात होती.

*

कुंदाताईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हाताला पीठ होतं. केतकीनं सांगितलं ते त्यांनी उभ्यानंच ऐकलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"कुंदाताई..."

"नाही म्हटलं ना. आधी म्हणालीस ये, मी आले. आता म्हणतेस येऊ नको. मी गुरुवारी घरी बसायचं, आणि माझ्या बसण्यानं तिकडे तुझे अण्णा जाणार. हे पाप कुणाच्या माथ्यावर?"

"माझ्या."

"तसं वाटून देता येत नाही. नेम माझा. देव मला विचारेल, कुंदे, का गं मोडलास? मी काय सांगू? केतकी म्हणाली म्हणून?" त्यांचा आवाज फाटला. "मी कारकून बाई. मला एवढी मोठी कामं सांगू नका तुम्ही शिकलेल्या लोकांनी."

केतकी ओट्याशी टेकली. तिला अण्णांची बोटं सांगायची नव्हती. ते सांगून कुणालाही गप्प करता आलं असतं. पण दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं. साधंच सांगितलं, आख्यान न करता.

कुंदाताईंनी नळाखाली हात धुतले. पीठ निघून गेलं तरी धूत राहिल्या.

"बोटं उचलत नाहीत?"

"नाहीत."

"माझे हे शेवटी शेवटी चष्मा मागायचे. वाचायला नाही. नुसता घालून बसायचे. बस चुकेल म्हणायचे." त्यांनी नळ बंद केला. "हे बघ. मोडणार मी नाही. मोडलेला नेम मागं लागतो. पण नेमाला उद्यापन असतं. देवाला सांगायचं, तुझ्या कृपेनं एवढं झालं, आता पुरं कर. माझ्या सोमवारचं केलंच होतं ना मी. जोडप्याला जेवायला घातलं, आरती केली, मोकळी झाले."

"मग..."

"उद्यापन तिथं करायचं. त्यांच्यासमोर. शेवटचा वर्ग तिथं. मी आख्यान लावीन, बेसूर तर बेसूर. तुझ्या त्या ओळीला उद्यापन कळतं का?"

"कळेल असं लिहू."

"आणि भावाला बोलाव. तो नसताना मी काही लिहायची नाही."

*

हृषीदादा बुधवारी उतरला, तीच बॅग घेऊन. बहीणभाऊ फार बोलले नाहीत. तो अण्णांची पेटी पुसत बसला होता; केतकीनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि त्यानं, न बघता, कप तिच्याकडे अर्धा सरकवला. लहानपणी सरकवायचा तसा.

डॉक्टर बेनाडीकरांनी रविवारची ऊब गुरुवारी द्यायचं मान्य केलं. ज्योत नको, प्राणवायू आहे. बुक्का नको, फुप्फुसं आहेत. झांजा चालतील, पण हळू.

कुंदाताई नऊवारी नेसल्या होत्या. खाटेच्या पायथ्याशी त्या उभ्या राहिल्या आणि नमन म्हणताना त्यांचा सूर नेहमीच्या जागी घसरला. केतकीनं मागून सावरला. हृषीदादाला पेटी येत नव्हती. त्यानं नुसता एक सूर दाबून धरला. आख्यान छोटंसं होतं, कुंदाताईंनी स्वतःच रचलेलं. एक बाई देवासाठी पाणी घेऊन चालली आहे, वाटेत जो तो तहानलेला भेटतो, आणि देवळात पोचते तेव्हा घागर रिकामी. ती ओशाळून उभी राहते, तर देवच म्हणतो, सगळं मिळालं गं, आता बस. मंगलसिस्टर सलाईनची नळी धरून ऐकत होती आणि तिला नळी सोडायचं भान राहिलं नाही.

अण्णांच्या हनुवटीला कंप सुटला. डोळे उघडले.

केतकीनं ज्योतीवाचूनच तबक ओवाळलं. आरती म्हणताना तिचा आवाज दोनदा गेला. दोन्ही वेळा कुंदाताईंनी तो आपल्या भसाड्या आवाजानं पुढे नेला. मग यंत्र तेवढं गुरगुरत होतं.

"संपलं का गं?"

तिला भीती वाटली. एवढी भीती तिला पहिला निरोप वाचताना वाटली नव्हती. अजूनही ती म्हणू शकत होती, थोडं आहे. त्यांनी ऐकलं असतं. ते बसले असते.

"हो अण्णा," ती म्हणाली. "झालं. आरती झाली."

"छान झालं," ते म्हणाले. त्यांनी पांघरुणावरची बोटं एकेक करून उचलली, पेटीचा भाता मिटतात तसा डावा तळवा दाबला, आणि हात पोटावर ठेवले. हृषीदादानं ते हात आपल्या हातांत घेतले. थोड्या वेळानं सिस्टर पुन्हा गारवा द्यायला आली, तेव्हा तिला काहीच सरळ करावं लागलं नाही.

कुंदाताईंनी चष्मा लावून फोन काढला. "सांग, काय लिहू."

"तुम्ही म्हणता तसंच."

त्यांनी एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत लिहिलं: "गुरुवारच्या नेमाचं आज उद्यापन झालं. देवाला पावलं." फोन बंद करून त्यांनी तो पिशवीत तळाशी टाकला, जणू गरम होता. केतकीनं पुढच्या गुरुवारची सुट्टी लिहिली. या वेळी ओळीनं काही विचारलं नाही. उद्याचा दिवस ठरला.

दोघी बाहेर पायऱ्यांवर आल्या. समोरच्या दुकानात सतारीच्या भोपळ्यांना कुणी रोगण लावत होतं.

"पुढच्या गुरुवारी मी काय करू?" कुंदाताईंनी विचारलं.

"घरी बसायचं. सुट्टी आहे."

"मला भीती वाटते गं. संध्याकाळ झाली की पाय आपोआप निघतील."

"मलाही वाटते."

रिक्षा आली, थांबली, दुसरं कुणीतरी बसून गेलं.

"तुझ्याकडे आले तर? वर्ग नाही. शिकवू नकोस काही. नुसती."

"सुतकात असेन मी."

"अस की. मला कुठं शिवायचंय तुला? उंबऱ्याबाहेर बसते. तू आत, मी बाहेर."

केतकीनं त्यांच्याकडे पाहिलं. "या. पण ओळीत लिहू नका."

"वेडी आहे का मी," कुंदाताई म्हणाल्या आणि पुढच्या रिक्षाला हात केला.